पिशवीतलं पत्र

न्हावऱ्याला एसटी थांबली तेव्हा दयाबाईंनी मांडीवरची पिशवी पुन्हा एकदा उघडून बघितली. पत्र जागेवर होतं. ते कुठं जाणार होतं म्हणा! बुधवारी संध्याकाळी उपासनेच्या गीतांच्या पुस्तकात जाऊन बसलं होतं, ते तिथंच होतं. जागेवर नव्हता तो दयाबाईंचा जीव.

शेजारी सून बसली होती, एस्तेर. तिच्या पायाशी स्टोव्हचं खोकं, मांडीवर जुन्या लुगड्यात गुंडाळलेला आरसा. बाकीचा संसार टपावर होता: लोखंडी खाट, एक ट्रंक, आणि दगडी जातं. पुण्यात ते जातं कुणाला लागणार नव्हतं, पण ते घेतल्याशिवाय एस्तेर निघायला तयार नव्हती. लग्नाला सव्वा वर्ष झालं होतं, त्यातले दहा महिने नवरा पुण्यात आणि ही शिरूरला. आज सामान बांधून निघाल्यावर पोरीच्या चेहऱ्यावरचं हसू काही लपत नव्हतं. तिनं लपवायचा प्रयत्नही केला नव्हता.

"आत्याबाई, पाणी देऊ?"

"नको."

"सकाळधरनं तुम्ही बोलला न्हाईत."

"एसटीत काय बोलायचं? तोंडात धूळ जाती."

धूळ जातच होती. पण न बोलण्याचं कारण पिशवीत होतं.

दयाबाईंचा एकुलता एक बन्यामीन खडकीच्या एका कारखान्यात लाकडी साचे करायच्या कामाला लागला, आणि महिन्याभरात पानशेतचा पूर आला. ज्यांची घरं वाहून गेली त्यांनाच पुण्यात खोल्या मिळेनात, तिथं शिरूरहून आलेल्या सुताराला कोण विचारतो! ज्या काही जागा होत्या त्यांची भाडी ऐकूनच माणसानं जिना उतरावा. पोरगा एका खोलीत सहाजणांबरोबर खाट भाड्यानं घेऊन राहिला. शेवटी कॅम्पात एका ख्रिस्ती मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, मालकीची चाळ निघाली. भाडं पगारात बसणारं. अट एकच: भाडेकरू त्या चर्चचा सभासद पाहिजे, आणि त्यासाठी जुन्या चर्चकडून, म्हणजे शिरूरहून, बदलीचं पत्र पाहिजे. उद्याच्या रविवारी, उपासनेत, ते पत्र वाचलं गेलं तर खोली बन्यामीनची. नाहीतर यादीत सात कुटुंबं उभीच होती.

आणि ते पत्र शिरूरच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी बुधवारच्या प्रार्थनेनंतर दयाबाईंच्याच हातात दिलं होतं. "तुमच्या हातानं जाऊ द्या, दयाबाई," असं म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी पहाटे कामासाठी नगरला निघून गेले. एस्तेर सामान बांधायला घरी थांबली होती. तिला हे ठाऊक नव्हतं. गुरुवारी तिनं पाळकांच्या दाराला कुलूप बघितलं आणि स्वतःच स्वतःची समजूत घातली, "थेट पुण्याला पोस्टानं धाडलं असंल ह्यांच्याकडं." त्याच क्षणी दयाबाई सांगणार होत्या. सांगितलं नाही. मग शुक्रवार गेला, आणि एकदा लपवलेली गोष्ट जेवढी जुनी होते तेवढी काढायला जड जाते.

दौंडच्या स्टँडवर शलमोन हातगाडी घेऊन उभा होता. शलमोन म्हणजे दयाबाईंचा धाकटा दीर, रेल्वेच्या लोको शेडमधला फिटर. कितीही साबण लावला तरी त्याच्या नखांतलं काळं जात नसे आणि कितीही वय झालं तरी वहिनीची थट्टा सुटत नसे.

"वहिनी, समदं शिरूरच उचलून आणलं का? आन् हे जातं! पुण्यात गिरणी न्हाई व्हय गं, पोरी?"

"असू द्या, काका. घर भरल्यावाणी दिसतं," एस्तेर म्हणाली.

सामान रेल्वेच्या ब्रेकच्या, म्हणजे गार्डाच्या, डब्यातून पाठवायचं शलमोननं जमवून ठेवलं होतं, म्हणून ही दौंडची वाट. संध्याकाळच्या पॅसेंजरनं नवरा-बायकोनं पुण्याला जायचं आणि दयाबाईंनी सोमवारी शिरूरला परतायचं, असा बेत. रेल्वेच्या क्वार्टरमध्ये ग्लॅडिसनं मटण शिजत टाकलं होतं. ग्लॅडिस शलमोनची बायको, गार्डाची मुलगी. जन्म रेल्वे कॉलनीतला, त्यामुळं तिच्या घरात प्रत्येक गोष्टीला टायमिंग होतं.

"या, जाऊबाई. बसा. पाणी घ्या."

"नंतर घेते," दयाबाई म्हणाल्या आणि पिशवी खुंटीला अडकवली. मग ती खुंटी दिसेल अशा बेतानं भिंतीशी बसल्या.

अकराच्या गाडीनं बन्यामीन आला. आत पाऊल टाकल्या टाकल्या, चपला काढायच्या आधी त्यानं बायकोला विचारलं, "पत्र आणलंस?"

एस्तेरचं हसू तिथल्या तिथं थांबलं. "तुमच्याकडं न्हाई आलं? पोस्टानं?"

"न्हाई."

"आज सकाळीसुद्धा?"

"पोस्टमनला गाठून, त्याची पिशवी बघूनच निघालो मी."

मटणाला फोडणी बसली होती, तिचा वास सगळ्या घरात भरला होता. बन्यामीन उंबऱ्यावरच बसला. तो बापासारखा उंच होता, पण बसला की आजोबासारखा दिसे, असं त्याचे वडील, दयाबाईंचे यजमान इसहाक, हयात असताना म्हणायचे. दयाबाईंनी सासरा पाहिला नव्हता, तरी आत्ता त्यांना ते पटलं.

"तार करू पाळकाला," शलमोन म्हणाला.

"नगरात कुठं करणार? आन् केली तरी उद्या सकाळी नवाला पत्र पुण्यात कसं येणार, काका?"

"मग खोली देणाऱ्या पंचांना म्हण की बाबा, पुढल्या रविवारी आणतो."

"म्हणून बघितलं. ते म्हणाले, तुमच्यासाठी थांबलो तर बाकीचे सात मला फाडून खातील."

ग्लॅडिस पदराला हात पुसत बाहेर आली. "दुसरी बघा की. पुण्यात काय एकच चाळ आहे?"

बन्यामीन हसला, पण ते हसणं काही खरं नव्हतं. "काकू, दहा महिने दुसरं काय केलं मी? रविवारी उपासना झाली की जिने चढायचे. पहिलं नाव विचारतात. मग मूळ गाव. शिरूर सांगितलं की म्हणतात, त्याच्या आधी कुठले? आता त्याच्या आधीचं मी कुठनं आणू?"

 बन्यामीनचा आजा साठेक वर्षांमागच्या, छप्पनच्या मोठ्या दुष्काळात रस्त्याच्या कडेला सापडलेलं पोर. मिशननं वाढवलं, नाव दिलं. त्याला गाव नव्हतं, आडनाव नव्हतं. शिरूरच्या चर्चच्या रजिस्टरातली एक ओळ, एवढाच त्या घराण्याचा पत्ता.

"शनवार पेठेतल्या एका आजोबांनी तर चहा पाजला," बन्यामीन सांगत होता. "दोन तास गप्पा. माझ्या हातावरचे रंध्याचे घट्टे बघून म्हणाले, कष्टाळू दिसता. मग नाव विचारलं. म्हणाले, वा, गोड नाव आहे हो! पण जागा पुतण्याला द्यायची ठरलीय. खाली येऊन शेजारणीला विचारलं, तर त्यांना पुतण्याच न्हाई."

शलमोनला हसू फुटलं, ते त्यानं खोकल्यात घातलं. "जाऊ दे. दौंडाला राहा. इथनं गाडीनं जा-ये कर. पोरगी हितंच, आमच्यात."

"हितं कुठं?" ग्लॅडिस म्हणाली. "आपल्या दोघी पोरी बाहेरच्या खोलीत निजतात. आत आपण. यांना काय चुलीवर झोपवू?"

एस्तेरनं मान खाली घातली. ग्लॅडिसला ते दिसलं आणि ती जरा नरमली. "म्हणजे व्हरांडा पत्र्यानं बंद केला तर होईल म्हणा. दोन पत्रे लागतील."

"क्वार्टरच्या व्हरांड्याला पत्रा?" आता शलमोनच मागं सरला. "इन्स्पेक्टर आला म्हंजी?"

"तुम्हीच आत्ता म्हणालात ना, राहा म्हणून!"

"राहा म्हणालो, पत्रा ठोका न्हाई म्हणालो."

"काका, काकू, भांडू नका," बन्यामीन म्हणाला. "माझी हजेरी सातला. पहिली गाडी धरली तरी पोचत न्हाई मी. एस्तेर, तू आईसंगं शिरूरला परत जा. बघू वर्षभरात."

वर्षभरात. त्यानं ते अगदी सहज म्हटलं, कारण जड आवाजात म्हणायची त्याला भीती वाटली असावी. एस्तेर रडली नाही. तिनं दारातलं स्टोव्हचं खोकं जरा आत ओढून घेतलं आणि हळूच विचारलं, "मग जातंबी परत न्यायचं?"

दयाबाईंना वाटलं, कुणीतरी छातीवरच ते जातं ठेवलं. पिशवी समोर होती. उठायचं आणि चार पावलं चालायचं, एवढंच काम होतं. पण त्या उठल्या नाहीत. त्या पावलानंतर सगळ्यांनी त्यांच्याकडे कसं बघितलं असतं, हे त्यांना नीट दिसत होतं.

"एका चिठ्ठीपायी काय दशा," शलमोन म्हणाला. "पत्राची किंमत मला विचारा. ह्या पोरीच्या सासऱ्यानं, म्हंजी आमच्या दादानं, मला पत्र दिलं न्हवतं. बन्या, तुला ठावं न्हाई हे."

"थोडं ठावं हाय."

"थोडंच असंल. तुझा बाप शिरूरच्या मंडळीचा पंच. मी रेल्वेत पळून आलो म्हणून त्यानं माझं पत्र अडवलं. दोन वर्सं हितल्या देवळात मागच्या बाकावर पाव्हणा म्हणून बसलो. प्रभुभोजनाला उठायचं न्हाई, मंडळीच्या सभेत बोलायचं न्हाई. हिच्या बापानं तोंडावर सांगितलं, पत्र न्हाई तर पोरगी न्हाई."

"पप्पा तसेच होते," ग्लॅडिस म्हणाली. "मी रोज रडत होते. लपून, पाण्याच्या टायमाला, नळाशी."

"आन् मग एक दिवशी, चैताचं ऊन, हिच्या बापाच्या दारात बैलगाडी थांबली. वहिनी! कडेवर तू, तीन वर्सांचा. दादाशी किती भांडल्या असतील ते त्यांचं त्यांना ठाऊक. हिच्या आईनं पाणी पुढं केलं, तर घेतलं न्हाई. आधी पत्र दिलं, मग पाणी पिल्या."

"म्हणाल्या, पोरीला थांबवू नका," ग्लॅडिसनं पुरं केलं. तिचा आवाज एकदम मऊ झाला. "मी अजून विसरले नाही, जाऊबाई. कधी बोलले नाही एवढंच."

मग मात्र दयाबाई उठल्या. कशा उठल्या ते त्यांनाही कळलं नाही. खुंटीवरची पिशवी काढली, गीतांचं पुस्तक काढलं, त्यातून बंद पाकीट काढलं आणि मुलाच्या नव्हे, सुनेच्या मांडीवर ठेवलं.

"पाळकसाहेबांची चूक न्हाई. बुधवारी माझ्या हातात दिलं त्यांनी. मी ठिवून घेतलं."

शेडमध्ये एक इंजिन वाफ सोडत होतं.  बन्यामीनचं तोंड उघडं राहिलं. ग्लॅडिसनं पदर तोंडाशी नेला. आणि दयाबाई ज्याची वाट बघत होत्या तो राग कुणी काढेचना.

"का, आत्याबाई?" एस्तेरनं विचारलं. लहान पोर विचारतं तसं.

"का म्हणजे?" दयाबाईंचा आवाज फाटला. "पत्र गेलं की नाव जातं. रजिस्टरात लाल रेघ मारतात. तुझा सासरा देवाघरी गेला. आता ह्याचं नाव जाणार, तुझं जाणार. रविवारी त्या बाकावर मी एकली बसायची आन् रजिस्टरातबी एकली. मला न्हाई सोसलं. द्यायचंच होतं मला. आज देते, उद्या देते असं करत हितवर आले. माझ्या हातनं पाप झालं. बोला काय बोलायचं ते."

 बन्यामीन उठून आला, त्यानं पाकीट घेतलं, पण फोडलं नाही. त्याचा चेहरा चोरी सापडलेल्या माणसासारखा झाला होता, आणि हे दयाबाईंना काही उमगेना. चोर तर त्या होत्या.

"एस्तेर, तूच वाच," तो म्हणाला.

एस्तेरनं पाकीट फोडलं. "शिरूर मंडळीकडून कळविण्यात येते की, आमचे पुढील प्रिय सभासद आपल्या मंडळीत येत आहेत. त्यांचा प्रेमाने स्वीकार करावा. श्री. बन्यामीन इसहाक. त्यांची पत्नी सौ. एस्तेर. आणि..."

ती थांबली.

"आन् काय? वाच की," शलमोन म्हणाला.

"आणि त्यांच्या मातोश्री, श्रीमती दयाबाई."

दयाबाईंनी आधी कागदाकडे बघितलं, मग मुलाकडे. तीन रात्री ज्या पत्राला त्या उशाशी घेऊन तळमळल्या, त्यात त्यांचंच नाव होतं. पाळकसाहेब "तुमच्या हातानं जाऊ द्या" का म्हणाले ते आत्ता कळलं. आणि कळल्याबरोबर त्यांना असा संताप आला की मघाची सगळी शरम त्यात बुडून गेली.

"मला इचारलं न्हाईस!"

"इचारलं असतं तर न्हाई म्हणाली असतीस. आज हितं सांगणारच होतो."

"म्हणालेच असते! माझं नाव म्हंजी काय तुझ्या कारखान्यातली फळी हाय, उचलली आन् तासली?"

ग्लॅडिस इतका वेळ गप्प राहिली हेच नवल. "मी ऐकलंय त्या चाळीचं. दोन नावं असली तर एक खोली. तीन असली तर दोन देतात."

दयाबाई एकदम थंड झाल्या. "असं हाय? त्यासाठी घातलंस?"

बन्यामीननं आपल्या हाताच्या घट्ट्यांकडे बघितलं. इसहाक असते तर अशा वेळी खाकरून बाहेर निघून गेले असते. पोरगा गेला नाही.

"खोटं न्हाई बोलत, आई. त्यासाठीबी घातलं. दोन खोल्या कुणाला नको? पण एक असती तरी घातलं असतं. पत्रात ज्याचं नाव न्हाई, त्याला तिथं आठ दिवस राहता येतं. पाव्हणा म्हणून. मागनं नाव घालून घेत न्हाईत." त्यानं वर बघितलं. "तू माझ्या दारात आठ दिवसांची पाव्हणी म्हणून यायचीस?"

"मीच म्हणाले ह्यांना," एस्तेर मध्येच बोलली. "मीच लिहिलं पत्रातनं, मग ह्यांनी पाळकांना कळवलं. दहा महिने तुम्ही आन् मी एका ताटात जेवलो. तुम्हाला शिरूरात ठिवून मला तिकडं घास गिळंल का?"

दयाबाईंनी सुनेकडे बघितलं. ही सव्वा वर्षाची सून, आणि आपण तिचंच पत्र दडवलं.

"आन् उद्या नावं वाचतात तवा उभं राहावं लागतं," शलमोन सावकाश म्हणाला. "तीन नावं घेतली आन् दोघंच उठले तर पंच इचारणार. जबरदस्ती न्हाई, वहिनी. तुमचं नाव खोडायचं तर पाळकाकडनं दुसरं पत्र आणावं लागंल आन् उद्याची खोली जाईल. तरीबी जबरदस्ती न्हाई. तुम्ही ठरवा."

"आन् शिरूरचं? तिथं लाल रेघ मारून घेऊ?"

"कसली लाल रेघ?"

"तुमच्या नावावर मारली न्हवती का? तुमच्या भावानंच मला सांगितलं. लाल शाईनं रेघ मारली आन् दौत बंद केली, म्हणाले."

शलमोननं वहिनीकडे बघितलं. त्याच्या तोंडावरची थट्टा कुठं गेली कुणास ठाऊक.

"दादा गेला तवा मातीला आलो होतो ना मी. देवळाच्या मागच्या खोलीत पाळक मरणाची नोंद करत होते. म्हटलं, माझं पान दावा. दादानं माझं काय केलं ते मला बघायचं होतं. रेघ न्हाई, वहिनी. नाव जसंच्या तसं. त्याच्या पुढं दादाच्या अक्षरात लिवलंय, दौंडास गेला. आन् त्याच्या खाली बारीक, कुणाला दिसू नये असं," शलमोननं छताकडे नजर वळवली, "सुखरूप आहे."

ग्लॅडिसनं नवऱ्याकडे वळून बघितलं. इसहाक जाऊन चार वर्षं झाली, तरी त्यानं हे तिलाही सांगितलं नव्हतं.

दयाबाई मटकन बसल्या. तीस वर्षं त्या माणसाबरोबर संसार केला. पत्रासाठी त्याच्याशी भांडल्या, चार दिवस अबोला धरला, शेवटी त्यानं सही केली तीही कागद फाटेल अशी. आणि हे लिहून ठेवलं, तोंडानं मात्र लाल रेघ सांगितली. कसा माणूस! त्यांना हसू आलं, आणि हसता हसता डोळे वाहायला लागले. त्यांनी ते पुसले नाहीत.

एस्तेर आत गेली आणि तांब्या घेऊन आली. काही न बोलता तिनं तो सासूपुढं धरला. दयाबाई सगळं पाणी प्यायल्या, गळ्यावर ओघळ येईपर्यंत.

बन्यामीन उंबऱ्याशी उभाच होता, पत्र हातात धरून. शलमोन छताकडे बघत होता. मटण लागलं असावं, पण ग्लॅडिस जागची हलली नाही. पॅसेंजरला अजून सहा तास होते.

दयाबाईंनी तांब्या खाली ठेवला. गेल्या महिन्याभरात घरात त्या खोलीखेरीज दुसरा विषय नव्हता. भिंती कशा, खिडकी कुठं, शेजार कोण, सगळं बोलून झालं होतं. दयाबाईंनी त्यातलं एक अक्षरही आपणहून विचारलं नव्हतं.

"नळ कुठंय तिथं?" त्यांनी विचारलं. "दारात का खाली?"

 उत्तर एस्तेरनं दिलं.

"खाली हाय, आत्याबाई. सोळा पायऱ्या."

"सोळा," दयाबाईंनी गुडघ्यावरून हात फिरवला. "मग मोठा हंडा न्हाई चालायचा. दोन लहान कळशा घेऊ."